महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : एका जागेचे ऋण

संविधान दिनाच्या कार्यक्रमासाठी विद्यार्थ्यांची भाषणे बसवून घेताना एक प्रश्न हमखास पुढे येतो. परमपूज्य बाबासाहेब मुंबई प्रांताचे. मग संविधान सभेत ते प्रथम बंगालमधून कसे निवडून गेले? बहुतेक भाषणांत याचे उत्तर एका वाक्यात उरकलेले असते : जोगेंद्रनाथ मंडल यांनी त्यांना बंगालमधून निवडून दिले. त्या वाक्यानंतर भाषण पुढे सरकते आणि जोगेंद्रनाथ मागेच राहतात. ते कोण होते, कोणत्या समाजातून आले, बाबासाहेबांना निवडून देण्याइतके बळ त्यांच्याजवळ कोठून आले आणि पुढे त्यांचे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. ज्यांच्या ऋणाचा आपण दरवर्षी उच्चार करतो, त्यांचे चरित्र आपल्याला ठाऊक नसावे ही गोष्ट मनाला लागते. विद्यालयाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या राजकीय जीवनाचा आणि त्यांनी लढविलेल्या निवडणुकांचा परिचय करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

हे चरित्र केवळ गौरवाचे नाही. त्यात एक मोठा विजय आहे, एक मोठी चूक आहे आणि त्या चुकीची जाहीर कबुली देण्याचे धैर्यही आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तरच त्या माणसाला न्याय मिळेल.

नमःशूद्रांची भूमी

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालमधील बाकरगंज जिल्ह्यातील मैस्तारकांदी या खेड्यात एका गरीब नमःशूद्र कुटुंबात झाला. बाकरगंज म्हणजेच बरिशाल. आज हा भाग बांगलादेशात आहे. नद्या, खाड्या आणि दलदलीचा हा मुलूख. फरिदपूर, बाकरगंज, जेसोर आणि खुलना या चार जिल्ह्यांत नमःशूद्रांची दाट वस्ती होती. दलदलीची जमीन लागवडीखाली आणणारे, होडी वल्हविणारे, मासे धरणारे हे कष्टकरी लोक. उच्चवर्णीय त्यांना चांडाळ म्हणून हिणवीत. सरकारी कागदपत्रांतील हे अपमानकारक नाव बदलावे यासाठी या समाजाने अनेक वर्षे झगडा दिला आणि १९११ च्या जनगणनेत नमःशूद्र या नावाची नोंद करून घेतली.

या झगड्यामागे एक मोठी परंपरा होती. ओराकांदीचे हरिचाँद ठाकूर यांनी १९ व्या शतकात मतुआ पंथाची स्थापना करून ब्राह्मणी कर्मकांड आणि जातिभेद नाकारला. त्यांचे पुत्र गुरुचाँद ठाकूर यांनी त्या पंथाला शिक्षणाच्या चळवळीचे रूप दिले. ऑस्ट्रेलियन मिशनरी मीड यांच्या साहाय्याने त्यांनी ओराकांदीला शाळा उभी केली आणि खेडोपाडी शिक्षणाचा प्रसार केला. महात्मा फुले आणि सावित्रीमाई यांच्या कार्याशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांना या कार्याचे मोल वेगळे सांगावयास नको. बंगालच्या नमःशूद्रांत शिकलेली पहिली पिढी याच चळवळीतून घडली आणि जोगेंद्रनाथ त्या पिढीच्या पाठोपाठ आले.

प्रतिकूल परिस्थितीशी झगडत त्यांनी बरिशालच्या ब्रजमोहन महाविद्यालयातून १९२९ साली पदवी मिळविली. पुढे कलकत्त्यास कायद्याचे शिक्षण घेऊन १९३४ मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले आणि वकिली करू लागले. मात्र वकिलीत ते फार काळ रमले नाहीत. दोनतीन वर्षांतच ते निवडणुकीच्या मैदानात उतरले.

१९३७ : खुल्या जागेवरील विजय

१९३५ च्या कायद्यान्वये १९३७ च्या प्रारंभी प्रांतिक विधिमंडळांच्या निवडणुका झाल्या. बंगालच्या विधानसभेत एकूण २५० जागा होत्या. त्यांपैकी ७८ सर्वसाधारण जागा होत्या आणि पुणे करारानुसार त्यांतील ३० जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. जोगेंद्रनाथांनी राखीव जागेवरून उभे न राहता बाकरगंज जिल्ह्याच्या ईशान्य भागातील खुल्या ग्रामीण मतदारसंघातून अपक्ष म्हणून उमेदवारी केली.

त्यांचे प्रतिस्पर्धी होते काँग्रेसचे सरलकुमार दत्त. दत्त हे बरिशालचे थोर नेते अश्विनीकुमार दत्त यांचे पुतणे. ज्या ब्रजमोहन महाविद्यालयात जोगेंद्रनाथ शिकले, ते अश्विनीकुमारांनीच आपल्या वडिलांच्या नावे स्थापन केले होते. त्या घराण्याचा जिल्ह्यात केवढा दबदबा असेल याची यावरून कल्पना यावी. सार्वत्रिक प्रौढ मताधिकार अद्याप दूर होता. मतदानाचा हक्क मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. अशा वेळी सुमारे ३३ वर्षांच्या एका निर्धन नमःशूद्र वकिलाने या घराण्याच्या उमेदवाराचा पराभव केला. राखीव जागेचा आधार न घेता मिळविलेला हा विजय सबंध बंगालमध्ये चर्चेचा विषय झाला.

विधानसभेत गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या आमदारांचा स्वतंत्र गट उभारण्याच्या प्रयत्नात पुढाकार घेतला. प्रारंभीच्या काळात शरच्चंद्र आणि सुभाषचंद्र या बोस बंधूंशी त्यांचे निकटचे संबंध होते. काँग्रेसबद्दल त्यांच्या मनात पूर्वग्रह होता असे म्हणता येणार नाही. पण बोस बंधूंनाच काँग्रेसमध्ये स्थान उरले नाही आणि अनुसूचित जातींचे प्रश्न काँग्रेसच्या उच्चवर्णीय नेतृत्वाच्या विषयपत्रिकेवर कधी वर येत नाहीत, हा अनुभव त्यांना वारंवार आला. याच काळात ते बाबासाहेबांच्या विचारांकडे वळले.

मंत्रिपद आणि फेडरेशन

जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. पुढील वर्षी जोगेंद्रनाथांनी बंगालमध्ये फेडरेशनची शाखा उभी केली.

त्याच वर्षी, एप्रिल १९४३ मध्ये, ख्वाजा नझीमुद्दीन यांचे मंत्रिमंडळ बंगालमध्ये अधिकारावर आले. त्याला बहुमतासाठी अनुसूचित जातींच्या आमदारांची गरज होती. जोगेंद्रनाथांनी २१ आमदारांचा पाठिंबा मिळवून दिला आणि त्यासाठी स्पष्ट अटी घातल्या. मंत्रिमंडळात अनुसूचित जातींचे तीन मंत्री असावेत; अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी दरसाल पाच लाख रुपयांचे कायम अनुदान मिळावे; आणि सरकारी नोकऱ्यांतील प्रमाणाचे नियम काटेकोरपणे पाळले जावेत. सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा ही खाती जोगेंद्रनाथांकडे आली.

या अटींकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पाठिंब्याच्या बदल्यात सत्तेतील वाटा तर प्रत्येक गट मागतो. जोगेंद्रनाथांनी त्या वाट्याबरोबर मुलांच्या शिक्षणाची आणि तरुणांच्या नोकऱ्यांची तरतूद मागितली. वसतिगृहांत राहून, शिष्यवृत्तीवर शिकून पुढे आलेल्या आपल्यासारख्यांना या मागणीचा अर्थ चटकन कळेल. मात्र तो काळ बंगालच्या भीषण दुष्काळाचा होता. लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मेली आणि त्यांत भूमिहीन, मच्छीमार व शेतमजूर यांची संख्या मोठी होती. त्या मंत्रिमंडळाच्या कारभारावर दुष्काळाचा काळा डाग कायमचा राहिला. मार्च १९४५ मध्ये ते मंत्रिमंडळ कोसळले.

१९४६ : फेडरेशनची बंगालमधील एकमेव जागा

१९४६ च्या प्रारंभी पुन्हा प्रांतिक निवडणुका झाल्या. या निवडणुकीने आपल्या चळवळीला जबर धक्का दिला. देशभरातील अनुसूचित जातींच्या १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनला केवळ दोन जागा मिळाल्या. मुंबई प्रांतात तर एकही नाही. मध्य प्रांतात एक आणि बंगालमध्ये एक. बंगालमधील ती एक जागा बाकरगंज जिल्ह्यातून जोगेंद्रनाथांनी जिंकली होती.

इतका मोठा पराभव का झाला? त्याचे एक प्रमुख कारण पुणे कराराने ठरवून दिलेल्या निवडणूक पद्धतीत होते. राखीव जागेसाठी प्रथम केवळ अनुसूचित जातींच्या मतदारांची प्राथमिक निवडणूक होई आणि तीतून चार उमेदवार निवडले जात. अंतिम निवडणुकीत मात्र मतदारसंघातील सर्व हिंदू मतदार मत देत. त्यामुळे अस्पृश्यांनी प्राथमिक फेरीत ज्याला पसंत केले तो उमेदवार अंतिम फेरीत सवर्णांच्या मतांनी सहज पाडला जाऊ शकत असे. संयुक्त मतदारसंघात अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी निवडून येणे कठीण आहे हे बाबासाहेब १९३२ पासून सांगत आले होते. १९४६ च्या निकालाने ते सिद्ध केले.

निवडणुकीनंतर सुऱ्हावर्दी यांच्या मंत्रिमंडळात जोगेंद्रनाथ न्याय व बांधकाम खात्यांचे मंत्री झाले. पण त्यांच्या आयुष्यातील खरे ऐतिहासिक कार्य अजून पुढेच होते.

संविधान सभेची निवडणूक

जुलै १९४६ मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली. ही निवडणूक जनतेच्या प्रत्यक्ष मतदानाने झालेली नव्हती. प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी आपापल्या गटातून, पसंतीक्रमाच्या मतांनी सदस्य निवडावयाचे होते. ज्या विधानसभेत फेडरेशनचा एकही सदस्य नाही त्या मुंबई विधानसभेतून बाबासाहेब निवडून येणे अशक्य होते. काँग्रेसने तर त्यांना दारे बंदच केली होती. बंगाल विधानसभेतील युरोपियन सदस्यांच्या मतांचा विचार झाला, परंतु त्या गटाने मतदानात भाग न घेण्याचे ठरविले. संविधानाच्या निर्मितीत अस्पृश्यांचा सर्वांत समर्थ प्रवक्ता सहभागीच होणार नाही अशी स्थिती निर्माण झाली.

अशा वेळी जोगेंद्रनाथ उभे राहिले. त्यांच्या पक्षाचे विधानसभेतील बळ म्हणजे ते स्वतः, एकटे. पसंतीक्रमाच्या पद्धतीत एका जागेसाठी मूठभर मते पुरेशी असली तरी ती मूठभर मतेही त्यांच्याजवळ नव्हती. ती इतरांकडून मिळवावयाची होती, आणि इतर म्हणजे प्रामुख्याने काँग्रेसच्या तिकिटावर किंवा अपक्ष निवडून आलेले अनुसूचित जातींचे आमदार. जोगेंद्रनाथांनी एकेकाची भेट घेऊन त्यांना समाजाच्या हिताची जाणीव करून दिली. द्वारिकानाथ बारुरी, गयानाथ विश्वास, नगेंद्रनारायण राय, मुकुंदबिहारी मल्लिक अशा आमदारांनी साथ दिली. यांपैकी ज्यांनी काँग्रेसचा आदेश झुगारून मत दिले, त्यांनी आपले राजकीय भवितव्य पणाला लावले होते. कलकत्त्यातील आणि खेड्यांतील नमःशूद्र तरुणांनीही या आमदारांवर समाजाचा दबाव ठेवला. बाबासाहेब बंगालमधून निवडून आले.

येथे एक गैरसमज दूर करणे इतिहासाच्या शिक्षकाचे कर्तव्य ठरते. बाबासाहेब जेसोर-खुलना मतदारसंघातून निवडून आले, असे अनेक ठिकाणी लिहिले व बोलले जाते. वस्तुतः संविधान सभेसाठी असे भौगोलिक मतदारसंघच नव्हते. मतदार होते ते विधानसभेचे सदस्य. जेसोर-खुलना हा नमःशूद्रांचा बालेकिल्ला असल्याने लोकांच्या मनात त्या निवडीशी त्याचे नाव जोडले गेले असावे. खरी हकिकत सांगितल्याने जोगेंद्रनाथांचे श्रेय तिळमात्र कमी होत नाही, उलट वाढते. हजारो मतदारांच्या लाटेवर स्वार होण्यापेक्षा, दुसऱ्या पक्षाच्या शिस्तीत बांधलेल्या मोजक्या माणसांच्या विवेकाला साद घालून एकेक मत मिळविणे अधिक अवघड असते.

त्या एका जागेमुळे काय घडले ते पाहा. १७ डिसेंबर १९४६ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत आपले पहिले भाषण केले आणि विरोधकांनाही त्यांच्या राष्ट्रनिष्ठेची आणि विद्वत्तेची प्रचिती आली. मूलभूत हक्कांच्या उपसमितीवर त्यांनी काम केले आणि मार्च १९४७ मध्ये राज्ये आणि अल्पसंख्याक या विषयावरील आपले निवेदन सिद्ध केले. अस्पृश्यतेचे निर्मूलन करणारे कलम संविधान सभेने प्रथम स्वीकारले ते २९ एप्रिल १९४७ रोजी. त्या दिवशी बाबासाहेब बंगालचेच सदस्य होते. पुढे फाळणीमुळे बंगालच्या जागांची नव्याने निवड झाली आणि त्यांचे सदस्यत्व संपले. तोवर त्यांच्या कार्याची आवश्यकता काँग्रेसलाही पटली होती. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले आणि बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या रिक्त जागेवर बाबासाहेबांची मुंबईतून निवड झाली. बंगालने पहिले दार उघडले नसते तर मुंबईचे दुसरे दार उघडण्याचा प्रसंग आला असता की नाही, हे कोणीही सांगू शकणार नाही.

दोन देशांचे दोन कायदेमंत्री

ऑक्टोबर १९४६ मध्ये मुस्लिम लीग केंद्रातील हंगामी सरकारात सामील झाली. लीगने आपल्या पाच प्रतिनिधींत जोगेंद्रनाथांची निवड केली आणि ते कायदा खात्याचे मंत्री झाले.

लीगशी केलेल्या या सहकार्यामुळे त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. त्यांचा विचार समजून घेतला पाहिजे. पूर्व बंगालमधील बहुसंख्य मुसलमान कुळे, शेतकरी आणि मजूर होते. नमःशूद्रही तेच होते. जमीनदार आणि सावकार बहुतांशी उच्चवर्णीय हिंदू होते. दोन्ही कष्टकरी समाज शिक्षणात मागासलेले होते. तेव्हा या दोघांचे आर्थिक हित एकच आहे आणि त्यांनी एकत्र राहिल्यास दोघांचेही भले होईल, असे त्यांचे अनुमान होते. शिवाय बंगालची फाळणी झाली तर नमःशूद्रांचे चारही जिल्हे दुभंगतील अथवा पाकिस्तानात जातील आणि समाज कोठेच प्रभावी राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच १९४७ मध्ये त्यांनी बंगालच्या फाळणीला विरोध केला. गुरुचाँद ठाकुरांचे नातू प्रमथरंजन ठाकूर मात्र काँग्रेसबरोबर राहिले. समाजाचे नेतृत्व असे दोन वाटांनी गेले.

फाळणी टळली नाही. सिल्हेटच्या सार्वमतात जोगेंद्रनाथांनी पाकिस्तानच्या बाजूने प्रचार केला आणि स्वतःच्या जन्मभूमीबरोबर ते पाकिस्तानातच राहिले. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली तेव्हा तिचे तात्पुरते अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. नंतर ते पाकिस्तानचे पहिले कायदा व कामगार मंत्री झाले. इतिहासातील हा योग विलक्षण आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये दिल्लीत भारताचे पहिले कायदेमंत्री डॉ. आंबेडकर होते आणि कराचीत पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री त्यांचेच सहकारी जोगेंद्रनाथ मंडल. दोन्ही देशांच्या कायद्याची धुरा फेडरेशनच्या दोन नेत्यांच्या खांद्यावर होती.

परंतु दोघांचे मार्ग आता वेगळे झाले होते. १९४७ च्या अखेरीस बाबासाहेबांनी जाहीर निवेदन काढून पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनी भारतात निघून यावे आणि मुस्लिम लीगवर विसंबू नये असे कळकळीने सांगितले. जोगेंद्रनाथांनी अद्याप आशा सोडली नव्हती.

राजीनामा

ती आशा तीन वर्षांत धुळीला मिळाली. फरिदपूर जिल्ह्यातील दिघारकूल, सिल्हेटमधील हबीबगंज, खुलन्यातील कालशिरा अशा गावांत पोलीस आणि सैन्य यांनी नमःशूद्रांवर अत्याचार केले. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका आणि जोगेंद्रनाथांचा स्वतःचा बरिशाल जिल्हा दंगलींनी होरपळला. त्यांनी पीडित गावांना भेटी दिल्या, सरकारदरबारी तक्रारी मांडल्या. एप्रिल १९५० मध्ये नेहरू-लियाकत करार झाला, पण पूर्व बंगालमधील परिस्थितीत पालट झाला नाही. मंत्रिमंडळात त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. ज्यांच्या भरवशावर समाज मागे राहिला होता, तेच आता समाजाचे रक्षण करण्यास असमर्थ ठरले होते.

८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी कलकत्त्याहून पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनाम्याचे दीर्घ पत्र पाठविले. हे पत्र म्हणजे त्या काळाचा एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. १९४३ पासूनचा आपला सारा राजकीय प्रवास, लीगशी सहकार्य करण्यामागील कारणे, मिळालेली आश्वासने, झालेला विश्वासघात आणि गावोगावचे अत्याचार यांचा तपशील त्यात आहे. पाकिस्तानात हिंदूंना भवितव्य नाही, या निष्कर्षाशी आपण आलो आहोत, हे त्यांनी त्यात नोंदविले. आपले अनुमान चुकले हे सत्तेवर असलेल्या माणसाने जाहीरपणे लिहून देणे दुर्मीळ असते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनीही भारताच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. कारणे भिन्न होती; पण समाजाच्या प्रश्नाला बाजूला सारून खुर्चीला चिकटून राहण्याचे दोघांनीही नाकारले.

पराभवांची वर्षे

कलकत्त्यास परतलेल्या जोगेंद्रनाथांचे स्वागत कोणी केले नाही. काँग्रेसच्या दृष्टीने ते लीगचे हस्तक होते. हिंदुत्ववाद्यांनी त्यांना मुसलमानी नाव चिकटवून त्यांची टवाळी केली. ज्या समाजासाठी त्यांनी राजकारण केले, त्यातील अनेकांच्या मनातही रोष होता, आणि तो अस्वाभाविक म्हणता येणार नाही. त्यांच्या शब्दावर विसंबून मागे राहिलेल्यांनी फार सोसले होते.

त्यांनी स्वतःला निर्वासितांच्या कामाला वाहून घेतले. १९५० नंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोंढ्यांत नमःशूद्रांची संख्या फार मोठी होती. सुस्थितीतील उच्चवर्णीय निर्वासितांनी कलकत्त्याच्या आसपास वसाहती वसविल्या. नमःशूद्र मात्र सरकारी छावण्यांत खितपत पडले. तेथून त्यांना अंदमानात आणि १९५८ पासून दंडकारण्यात पाठविण्याची योजना आली. बंगालचा चिखल तुडविणाऱ्या शेतकऱ्यांना खडकाळ माळरानावर नेण्याच्या या सक्तीविरुद्ध छावणीवासीयांनी आंदोलन केले. जोगेंद्रनाथ त्यांच्या बाजूने उभे राहिले. आपल्या महाराष्ट्रातही गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांची गावे आहेत. तेथील वृद्धांच्या कहाण्या याच इतिहासाचा भाग आहेत.

या काळात पश्चिम बंगालमध्ये त्यांनी वेळोवेळी निवडणुका लढविल्या. एकाही निवडणुकीत त्यांना यश आले नाही. ज्यांनी ३३ व्या वर्षी खुल्या जागेवरून मातब्बर घराण्याचा उमेदवार पाडला होता, त्यांना उर्वरित आयुष्यात विधानसभेचे वा लोकसभेचे सदस्यत्व पुन्हा लाभले नाही.

याचे कारण केवळ त्यांच्या बदनामीत शोधणे पुरेसे नाही. १९३७ आणि १९४६ चे विजय ज्या बळावर उभे होते ते बळ म्हणजे सलग चार जिल्ह्यांत एकवटलेला, मतुआ चळवळीने जागा केलेला नमःशूद्र समाज. फाळणीने ते बळच मोडले. समाज छावण्यांत, बेटांवर आणि परप्रांतांतील जंगलांत विखुरला. कोणत्याही मतदारसंघात तो पूर्वीसारखा निर्णायक राहिला नाही. ज्या भीतीने जोगेंद्रनाथांनी बंगालच्या फाळणीला विरोध केला होता, ती भीती अक्षरशः खरी ठरली आणि तिचा पहिला बळी त्यांचे स्वतःचे राजकारण ठरले. संयुक्त मतदारसंघाच्या पद्धतीने १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात बाबासाहेबांनाही पराभूत केले, हे विसरून चालणार नाही.

५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेजवळच्या बनगाव येथे जोगेंद्रनाथांचे निधन झाले. त्यांचे वय ६४ वर्षांचे होते. राज्यात राष्ट्रपती राजवट होती आणि मध्यावधी निवडणुकीचे वारे वाहू लागले होते. त्यांच्या पाठीशी सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती. समाजाने दिलेली महाप्राण ही उपाधी तेवढी होती, आणि ती आजही टिकून आहे.

ऋणाची जाणीव

निवडणुकीतील जय-पराजयांचा हिशेब मांडला तर जोगेंद्रनाथांच्या नावावर विधानसभेचे दोनच विजय जमा होतात : १९३७ आणि १९४६. पराजयांची बाजू त्याहून भारी आहे. निव्वळ आकड्यांनी राजकारणी मोजणाऱ्याला हा अपयशी माणूस वाटेल. पण १९४६ च्या त्या एकाच जागेचा उपयोग त्यांनी कशासाठी केला? हातात फक्त एक मत असताना त्यांनी इतरांची मते जोडली आणि ती स्वतःसाठी न मागता आपल्या नेत्यासाठी मागितली. फेडरेशनचे बहुतेक उमेदवार पडले त्या वर्षी निवडून आलेल्या एका माणसाने आपल्या विजयाचे सार्थक केले.

आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या जीवनातून आणखी एक गोष्ट शिकता येईल. सत्तेशी तडजोड करताना जोगेंद्रनाथांनी समाजाच्या शिक्षणाची अट घातली, हे त्यांचे शहाणपण. सत्ताधाऱ्यांच्या आश्वासनांवर त्यांनी गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवला, ही त्यांची चूक. आणि चूक कळताच ती लपवून न ठेवता त्यांनी ती जगापुढे मांडली, ही त्यांची नैतिकता. तथागतांनी सम्यक वाचेचा उपदेश केला. आपल्या माणसांविषयी बोलतानाही सत्यच बोलावे, त्यांच्या चुका झाकू नयेत आणि त्यांचे उपकार विसरू नयेत, हा त्या उपदेशाचाच भाग आहे.

यापुढे आपल्या विद्यालयात संविधान दिनी कोणी विद्यार्थी भाषणास उभा राहील, तेव्हा जोगेंद्रनाथांचे नाव एका वाक्यात उरकले जाऊ नये. मैस्तारकांदीच्या त्या नमःशूद्र मुलाने केवळ एका जागेच्या बळावर काय साधले, हे त्याने दोन मिनिटे तरी सांगावे. ऋण फेडण्याचा तेवढा मार्ग आपल्या हाती आहे.

महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

जय भीम! जय संविधान!